कॉलटाइम

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘माझा अभिनयप्रवास’ असा विषय छापला आहे. त्यावर मी आज बोलणार नाही. पहिलं बक्षीस कधी मिळालं, कुणी पाठ थोपटली, कुणासमोर उभं राहताना घसा कोरडा पडला, हे मुलाखतींमधून इतक्यांदा सांगून झालंय की तुमच्यापैकी निम्म्यांना ते माझ्यापेक्षा चांगलं पाठ असेल. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी या गावात उभं आयुष्य हौशी नाटकं बसवली. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला उशिरा येणाऱ्याला ते आत घेत नसत, मग तो नायक का असेना, असं मघाशी चहा घेताना मला कळलं. तेव्हा विषय वेळेचाच घेते.

नाटकात वेळेचा व्यवहार सरळ असतो. तिसरी घंटा झाली, पडदा वर गेला, की पुढचे दोन-अडीच तास नटांचे. मधे कुणी ‘कट’ म्हणत नाही. पॉज किती घ्यायचा ते नट ठरवतो आणि प्रेक्षक त्याला तिथल्या तिथे पसंती देतो, नाहीतर खोकून निकाल लावतो. कॅमेऱ्यासमोर हा वेळ नटीच्या हातात सलग कधी येतच नाही. तिच्याकडून तो तुकड्यातुकड्यांनी घेतला जातो, आणि त्याचं काय करायचं ते संकलनाच्या टेबलावर दुसरं कुणीतरी ठरवतं. लोक कौतुक करतात ते चेहऱ्याचं, आवाजाचं, डोळ्यांचं. व्यवहार होतो तो मात्र वेळेचा: टेकमधल्या सेकंदांचा, शिफ्टमधल्या तासांचा आणि अंगावर चढणाऱ्या वर्षांचा. आमचं काम बरं होणार की वाईट, हे पुष्कळदा त्या वेळेची मालकी कुणाकडे आहे यावर ठरतं, असं माझं मत होत गेलंय.

मालिकेचा दिवस कसा असतो ते आधी सांगते. शिफ्ट बारा तासांची. सेटवर हजर व्हायचा कॉलटाइम सकाळी सातचा असला आणि मुलगी डोंबिवलीला राहत असली, तर तिला पहाटे साडेचारला उठावं लागतं. कारण सेट घोडबंदर रोडला, नायगावला, नाहीतर मढला. मेकअप, केस, साडी यात तास-दीड तास जातो. तोवर सीन आलेला असतो किंवा नसतो. हल्ली तो फोनवर येतो, कधीकधी केस बांधून होत असताना. असिस्टंट मुलगा दारातून डोकावून सांगतो, ‘ताई, सहा पानांचा आहे, पण तुमचं फार नाहीये, तुम्ही फक्त ऐकताय.’ मुलगा भला असतो, त्याला आपल्याला दिलासाच द्यायचा असतो. पण कॅमेऱ्यापुढे सहा पानं ऐकत उभं राहणं हे सहा पानं बोलण्यापेक्षा कठीण आहे. बोलणाऱ्याला वाक्यांचा आधार असतो. ऐकणारीला समोरचा माणूस हे पहिल्यांदाच बोलतोय असं प्रत्येक टेकला मानावं लागतं; आणि तिच्या क्लोजअपची पाळी येते तेव्हा समोरचा माणूस बऱ्याचदा पुढच्या सीनचे कपडे बदलायला गेलेला असतो. कॅमेऱ्याशेजारी उभा असलेला असिस्टंट सपाट आवाजात त्याची वाक्यं वाचतो आणि आपण त्या सपाट आवाजावर नवऱ्याने केलेला विश्वासघात सोसतो.

आणि थांबणं. लाइट होतायत, ट्रॉली लागतेय, शेजारच्या सेटवर आरती चालू आहे ती संपू दे, विमान जाऊ दे. बारा तासांतले कितीतरी या थांबण्यात जातात. जुन्याजाणत्या बायकांकडून मी अभिनयाच्या आधी जे शिकले ते हेच, थांबावं कसं. अंबाडा न बिघडवता खुर्चीत बसल्या बसल्या वीस मिनिटं झोपायचं आणि ‘शॉट रेडी’ ऐकल्याबरोबर डोळे उघडून मघाच्याच रागात उभं राहायचं. कुठल्याही नाट्यशाळेच्या अभ्यासक्रमात हे नाही. असायला हवं.

अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती वजा केल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात. रोजची मालिका असेल तर जवळपास तेवढं रोज शूट व्हायला लागतं. सिनेमात दिवसाला दोन-तीन मिनिटं उपयोगी चित्रण झालं तर दिवस चांगला गेला म्हणतात. म्हणजे मालिका सिनेमाच्या सात-आठ पट वेगाने धावते. हा वेग येतो कुठून? थोडा दोन-तीन कॅमेरे एकदम लावल्यामुळे, बराचसा तालीम गाळल्यामुळे. तालीम गेली की नट हाताशी असलेलं वापरतो. स्वयंपाकघरात मिसळणाच्या डब्याकडे न बघताही हात बरोबर मोहरीच्या वाटीत जातो, तसा आमचा चेहरा आपोआप ‘काळजी’त जातो, ‘कावा’त जातो, ‘माये’त जातो. पहिलं वर्षभर हे आपल्याला कळत असतं. पुढे कळेनासं होतं, आणि तिथून नटी म्हणून माणूस उतरणीला लागतं.

मी सिनेमात आले तेव्हा चित्रण निगेटिव्हवर होत होतं. तरुण मंडळींसाठी हिशेब सांगते. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे मिनिटाला ९० फूट या गतीने पळते. चारशे फुटांचा डबा साडेचार मिनिटांच्या आत संपतो, हजार फुटांचा अकरा मिनिटांत. मराठी निर्मात्याकडे असे डबे मोजून आणलेले. त्यामुळे कॅमेरा सुरू व्हायच्या आधी सगळं पक्कं व्हायचं. कुठून यायचं, जमिनीवरच्या कुठल्या खुणेवर थांबायचं, पदर कुठल्या शब्दाला सावरायचा. मग ‘साउंड’, ‘कॅमेरा’, आणि ती बारीक घरघर सुरू झाली की अख्खं युनिट श्वास धरायचं. टेक झाल्यावर कॅमेरा असिस्टंट गेट तपासायचा; फिल्मच्या वाटेत बारीकसं कुसळ अडकलेलं दिसलं की झालेला सुंदर टेकही वाया. त्या तालमींतून मिळायची ती एकाग्रता डिजिटल आल्यापासून मला फार थोड्या सेटवर दिसली. आता ‘रिहर्सलच रोल करूया’ म्हणतात. म्हणजे तालीमही नीट नाही आणि टेकही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी.

पण निगेटिव्हचे गोडवे गाणाऱ्या माझ्या पिढीत मला बसवू नका. फिल्मची ती टंचाई सगळ्यांच्या वाट्याला सारखी येत नव्हती. नायक अडखळला तर ‘वन मोअर’ हसत हसत व्हायचं. मोलकरणीचं काम करणारी नवी मुलगी अडखळली की निर्मात्याच्या माणसाचा चेहरा बघवत नसे. तिच्यासाठी दुसरा टेक म्हणजे उपकार, तिसरा म्हणजे गुन्हा. मेमरी कार्डावर चित्रण व्हायला लागल्यापासून तिलाही पाच टेक मिळतात, आणि पाचव्यात ती पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगली असते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहते आहे.

सिनेमा आणि मालिकेतला आणखी एक फरक नटीच्या मनावर खोल परिणाम करतो. सिनेमात चित्रण उलटसुलट होतं. वाडा आज मिळालाय म्हणून मरणाचा सीन पहिल्या दिवशी आणि लग्नाचा शेवटच्या. पण संहिता पूर्ण हातात असते. आपलं माणूस कुठे जाणार आहे ते ठाऊक असतं. मालिकेत घटना बहुतेक क्रमाने येतात, पण शेवट कुणालाच माहीत नसतो, लेखकालासुद्धा. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात आणि शुक्रवारी एखादी सोज्वळ जाऊ कारस्थानी होते. अशा वेळी नटीने काय करायचं? मी काय करते ते सांगते. पात्राचा स्वभाव शब्दांत बांधत नाही. तिच्या सवयी बांधते. ती चहा कसा गाळते, खोटं बोलताना हात कुठे ठेवते, कुणाच्या पाया पडताना पूर्ण वाकत नाही. ट्रॅक कितीही फिरला तरी या सवयी माझ्याजवळ राहतात. चॅनेलच्या क्रिएटिव्ह मंडळींचं तिथे लक्ष नसतं, त्यामुळे त्या कुणी बदलतही नाही.

रोहिणी हट्टंगडींची दोन कामं शेजारी ठेवून बघावीत असं मी मुलींना सांगते. रिचर्ड अॅटनबरोच्या १९८२च्या ‘गांधी’त त्या कस्तुरबा झाल्या. चित्रण झालं तेव्हा त्यांचं वय तिशीच्या आसपास. तीन तासांच्या चित्रपटात तरुणपणापासून मृत्यूपर्यंतचं आयुष्य त्यांना दाखवायचं होतं. त्यासाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला. पुढे २००१ साली सुरू झालेली ‘चार दिवस सासूचे’ ही त्यांची मालिका अकरा वर्षांहून जास्त काळ चालली, तीन हजारांहून अधिक भाग झाले. पहिल्या कामात वय रंगवायचं होतं, दुसऱ्यात ते खरोखर येत होतं, प्रेक्षकांच्या देखत, जेवणाच्या ताटासमोर. समीक्षकांनी पहिल्यावर लिहिलं. दुसऱ्यावर लिहिण्याची त्यांना गरज वाटली नाही. मला स्वतःला अकरा वर्षं एका बाईचा तोल सांभाळणं हे जास्त अवघड वाटतं, आणि टीव्हीला नाक मुरडणाऱ्या माझ्या नाटकवाल्या मित्रांशी यावरून माझं अनेकदा वाजलंय. ‘आमचं प्रायोगिक’ म्हणणारे हे मित्र घराचे हप्ते मालिकेच्याच पैशांतून फेडतात, हे जाता जाता.

आता वेळेची मालकी कुणाची, याकडे वळते. त्यासाठी जरा मागे जायला हवं. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती पुरुषाने केली, अण्णा साळुंके यांनी, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच १९१३ साली फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमलाबाई मोहिनी. दोघी नाटक कंपनीतून आलेल्या, म्हणजे कामाला सरावलेल्या. पुढे स्टुडिओंचा काळ आला. नटी मासिक पगारावर. कंपनीत वेळेवर हजर व्हायचं, काम असो नसो. या व्यवस्थेत शिस्त होती, तालमी होत्या, गाण्याची शिकवणी होती. ‘प्रभात’च्या चित्रपटांत जी घोटीव सफाई दिसते ती या पगारी वेळेतूनच आलेली आहे. पण वेळ कंपनीचा, त्यामुळे नटीही कंपनीची.

दुर्गा खोटे १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ने नावारूपाला आल्या. पंचविशीच्या आसपास वैधव्य, पदरी दोन मुलगे, आणि घराणं असं की सिनेमात जाणं म्हणजे नाव घालवणं. त्यांनी पुढे एका कंपनीशी बांधून न घेता चित्रपटागणिक काम करायला सुरुवात केली. आज ते सगळेच करतात. तेव्हा एका बाईने ‘मी माझी’ म्हणणं साधं नव्हतं. आणि पुढचा भाग तर फार थोड्यांच्या लक्षात आहे. मूकपटाच्या अखेरीला आलेल्या या बाईंच्या निर्मितीसंस्थेनेच दूरदर्शनवर १९८८ साली ‘वागळे की दुनिया’ आणली. ज्या घरात पडद्यावर जाणं निषिद्ध होतं, तिथली बाई शेवटी पडदा चालवणारी झाली.

शांता आपटेंनी हाच प्रश्न स्टुडिओच्या फाटकाबाहेर नेला. १९३७च्या ‘कुंकू’तली नीरा आठवते ना? म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलं तरी त्याला नवरा मानायला ठाम नकार देणारी. १९३९ साली कराराच्या वादावरून शांताबाई पुण्यात ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथे मुलं अभिनय शिकतात. त्यांतल्या किती जणांना हे फाटक माहीत आहे, कोण जाणे. दुसऱ्या वर्षी त्यांचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे छोटं पुस्तक आलं. सिनेमात जाऊ पाहणाऱ्या मुलीसाठी लिहिलेलं. त्यात झगमगाट नाही. धंद्याचा हिशेब आहे, भांडवल कुणाचं आणि राबणारं कोण याचा. नटीने आपल्या कामाकडे मजुरी म्हणून बघितलं आणि ते छापलं, इतक्या लवकर, मराठीत. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आपण सगळ्यांनी वाचलंय. ते वाचायलाच हवं, पण ते वाचून आपल्याला नटीच्या दुःखाची सवय लागली आहे. दारू, पुरुष, परवड, एवढं असलं की आत्मचरित्र ‘प्रांजळ’. शांताबाईंनी रडगाणं गायलं नाही, दर विचारला. म्हणून त्या विस्मरणात गेल्या असाव्यात.

आता अंगावर चढणाऱ्या वर्षांबद्दल, म्हणजे वयाबद्दल थोडं. ‘मैंने प्यार किया’ १९८९चा. सलमान खान २४ वर्षांचा, त्याची आई झालेल्या रीमा ३१ वर्षांच्या. ‘वास्तव’ १९९९चा, त्यात त्या संजय दत्तच्या आई, दोघांत अंतर एका वर्षाचं. या भूमिका रीमाताईंनी अशा केल्या की बेरीज-वजाबाकी कुणाला सुचली नाही. हे त्यांचं यश. पण ज्या धंद्यात पुरुषाचा वेळ थांबतो आणि बाईचा दुप्पट वेगाने पळवला जातो, त्या धंद्याचं यात काय कौतुक? ललिता पवारांचं उदाहरण याहून कडक. १९४२ साली चित्रणात बसलेल्या थपडेने चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, डावा डोळा कायमचा अधू झाला. नायिकेचे दिवस तिथे संपले. बाईंनी त्या डोळ्यातून खाष्ट सासू घडवली, आणि १९८७ला ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा मंथरा म्हणून त्या घराघरात पोचल्या. आपण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या. त्या शिव्यांमागे सेटवरचा एक अपघात होता आणि त्यानंतरचे काही वर्षांचे उपचार होते, हे शिव्या घालताना आपल्याला माहीत नव्हतं.

करोनाने या सगळ्यावर उजेड पाडला. मे २०२०मध्ये चित्रीकरणाचे नियम आले, त्यात पासष्टीच्या पुढच्यांना सेटवर मनाई. नियम काळजीपोटी होता. पण रोजावर जगणाऱ्या म्हाताऱ्या नट-नट्यांना घरी पेन्शन थोडीच होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. मग सप्टेंबरमध्ये आशालता वाबगावकर गेल्या. गोव्याच्या, ‘मत्स्यगंधा’ नाटकातल्या आशालता. मालिकेच्या चित्रणादरम्यान संसर्ग झाला आणि साताऱ्यात त्यांचं निधन झालं. सेटवर यायला बंदी हवी होती की नको होती, याचं सरळ उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. माझ्या वयाच्या बाया दोन्ही बाजूंनी भांडायच्या, आणि दोन्हीकडच्या खऱ्याच बोलत होत्या.

पैशाचं सांगायला हवं, कारण सभ्य व्याख्यानांतून ते टाळलं जातं. मालिकेत दर दिवसाचा असतो आणि पैसे हातात येतात नव्वद दिवसांनी. म्हणजे चैत्रात रडलेल्याचे पैसे आषाढात. मधे मालिका बंद पडली तर पाठपुरावा करत बसायचं. माझे एका मालिकेचे पैसे असेच कायमचे बुडाले. कुणाकडे, ते इथे सांगत नाही. बारा तासांची शिफ्ट तेरा-चौदावर जाते तेव्हा ‘ताई, एकच शॉट’ असं म्हणतात. आणि बाहेरगावच्या चित्रणात साधी स्वच्छतागृहाची सोय नसते म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. केरळमध्ये चित्रपटसृष्टीतल्या बायकांच्या स्थितीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती हेमा समितीने हे लिहून काढलं. समिती नेमली गेली २०१७ला, अहवाल दिला डिसेंबर २०१९ला, तो लोकांसमोर आला ऑगस्ट २०२४मध्ये, तोही काही भाग झाकून. लैंगिक छळाच्या बातम्यांनी मथळे भरले, भरायलाच हवे होते. पण मी ते वाचत होते तेव्हा कपडे बदलायला खोली नाही, प्रसाधनगृह नाही, लेखी करार नाही, या ओळींपाशी थांबले. छळ करणाऱ्याला मोकळं रान मिळतं ते अशाच जागी, जिथे बाईच्या तासांची आणि तिच्या शरीराच्या साध्या गरजांची नोंद कुठेच नसते.

महाराष्ट्रात अशी समिती व्हावी का, असं मला पत्रकार विचारतात. व्हावी. पण तोपर्यंत कार्यशाळांना येणाऱ्या मुलींना मी एक सवय लावायला बघते. भूमिका काय आहे, समोर कोण आहे, हे त्या आधी विचारतात. त्यानंतर लगेच विचारायचं: शिफ्ट किती तासांची, जादा तासाचे पैसे किती, परतीची गाडी आहे का, आणि पैसे कधी. मुली म्हणतात, असं विचारलं तर काम जाईल. काही वेळा जातं. माझंही गेलंय. पण हल्ली असंही होतं की समोरचा प्रॉडक्शनचा माणूस गोंधळून फोन करायला बाहेर जातो, कारण हे त्याला आजवर कुणी विचारलेलंच नसतं, आणि परत येऊन एक आकडा सांगतो. मग तो आकडा करारावर लिहून घ्यायचा. माझ्या ओळखीतल्या तीन-चार मुलींच्या करारात आता तासांचं कलम आहे. दोघींच्या मालिकांत ते पाळलंही जातंय.

माझं बोलून झालं. संयोजकांनी पाऊण तास दिला होता, तो मी ओलांडला नसावा. सरांच्या गावात तेवढं भान ठेवलंय. आता तुम्ही प्रश्न विचारा. सध्याच्या मालिकेत माझी धाकटी सून घरी परत येणार का, एवढं मात्र कृपा करून विचारू नका. उद्याचा सीन अजून माझ्या फोनवर आलेला नाही.